रस्ते मोकळे राहोत म्हणून

सिडर फोर्क, आर्कान्सा
४ नोव्हेंबर १९९१

प्रिय गार्लंड,

पाकिटात कापडाचा तुकडा आहे, तो फेकू नकोस. आधी पत्र वाच, मग काय राग काढायचा तो काढ.

तुझ्या बाबांचा खोकला जरा लांबलाय. काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात म्हणे डाग आहे. उभा जन्म कोंबड्यांच्या शेडमधली धूळ खाल्लेल्या माणसाच्या छातीत डाग नाही दिसणार तर काय गुलाब दिसणार? पाळक टकेट येऊन प्रार्थना करून त्यांच्या कपाळाला तेल लावून गेले. चर्चमधले सगळे देवाकडे त्यांच्यासाठी मागताहेत. तू ओळखतोसच आपल्या लोकांना. फोनवरून प्रार्थनेचं मागणं एका घरातून दुसऱ्या घरात जातं, आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत साध्या सर्दीचा न्यूमोनिया झालेला असतो. तेव्हा कुणाकडून काही ऐकलंस तर निम्मं सोडून दे.

तुकडा बाबांच्या जुन्या निळ्या शर्टाचा आहे. पाळकांनी त्याला तेल लावलंय. तू फक्त त्यावर हात ठेवून प्रार्थना कर आणि परत पाठव, बाकी मी बघते. धुऊ नकोस. उशीच्या अभ्र्यात आतून टाचून ठेवीन, त्यांना कळणारही नाही.

तू यातून बाहेर पडलायस हे मला ठाऊक आहे. पण तू एवढासा होतास, चर्चमधल्या आपल्या ओपलच्या गुडघ्यावर हात ठेवलेस, आणि ती कुबड्या चर्चच्या बाकावर टाकून पायी घरी गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू आता त्यावर हसत असशील. ओपल मात्र अजून चालतेय, आणि आपल्या घरी जरा जास्तच चालत येतेय.

ट्विलाचं काय, असं तू विचारशील. ट्विलाचं मला कळत नाही. पाळकांची एकुलती एक मुलगी, तिच्यासाठी तू तीन दिवस उपाशी राहून मागितलंस आणि तरी ती गेली. का गेली ते वर गेल्यावर विचारीन. आज मला एवढंच विचारायचंय, की एक तुकडा तुला जड आहे का?

घरी फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत आहे आणि बाबांचा पलंगही आम्ही आता तिथेच आणलाय. जिना उगाच कशाला चढायचा, म्हणून आणलाय, दुसरं काही नाही.

तुझी,
आई

ता. क. तुमच्या वायोमिंगमध्ये बर्फ पडायला लागला का? टीव्हीवर हवामान बघताना सहज मनात आलं.


१९ नोव्हेंबर

प्रिय गार्लंड,

तुकडा मिळाला. सोबत एक ओळ तरी लिहायचीस. पाकीट तीनदा झटकून पाहिलं.

कापडाच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटलाय, तुझ्या वेल्डिंगचा असणार. म्हणजे हातात तरी घेतलंस. प्रार्थना केलीस की नुसतं एका पाकिटातून काढून दुसऱ्यात घातलंस, ते मी विचारत नाही. मी ते टाचलं.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वाटीभर घेवड्याचं सूप आणि मक्याच्या पावाचा चांगला मोठा तुकडा खाल्ला. आठवडाभरात पहिल्यांदा. वर मला म्हणाले, मीठ कमी आहे. गार्लंड, मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. माणूस मिठावर बोलायला लागला म्हणजे तो आपल्यात परत आला, असं मला वाटलं.

ओपलला सांगायला नको होतं. पण ती तेवढ्यात केक घेऊन आली आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. रविवारी पाळकांनी वेदीवरून सांगितलं की गार्लंडने प्रार्थना करून रुमाल पाठवला आणि हॉइट ताटावर बसून जेवला. लोक उभे राहिले. डफ वाजले. पाळकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ट्विला गेल्यापासून मी त्यांना तुझं नाव घेताना ऐकलं नव्हतं. प्रार्थना संपल्यावर जो तो मला विचारत होता, तो कधी येणार, त्याची एक सभा लावू या का. मी कुणालाच नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. हसले नुसती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, चर्चमध्ये काय झालं? मी म्हणाले, नेहमीचंच.

शेडमधल्या पिल्लांचं काम शेजारी बघतात. तुझी जेवणाची आबाळ होऊ देऊ नकोस.

आई


३० नोव्हेंबर

प्रिय गार्लंड,

मला झोप लागत नाही, म्हणून सकाळ व्हायची वाट बघून लिहायला बसलेय.

बाबांना जरा थकवा आहे. प्राणवायूचं नळकांडं आणलंय, तात्पुरतं. थँक्सगिव्हिंगला टर्की केली होती. त्यांनी ताटातले तुकडे इकडचे तिकडे केले आणि मी बघत नाही असं समजून रुमालात गुंडाळले. मी बघत होते. त्यांना कळलं की मी बघतेय.

चर्चमध्ये म्हणतात, चमत्कार कधी कधी टप्प्याटप्प्याने होतो. मला हे पटवून घ्यायचंय. पण ओपल काल म्हणाली, "नेव्हा, रुमाल आला, माणूस नाही आला. म्हणून काम अर्धं झालं." तिच्या पोटात पाप नाही, पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घण घालतंय. खरंच तसं असेल तर? तू इथे येऊन प्रत्यक्ष हात ठेवलास तर? एकदाच ये. हात ठेव, आणि हवं तर त्याच पावली परत जा. बाबांशी बोलावं लागणार नाही. ते बराच वेळ झोपेतच असतात.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाही. त्यांना टीव्हीवरच्या हवामानाचं वेड लागलंय. देशाचा नकाशा आला की मला हाताने गप्प करतात. आपल्या भागाचं सांगून झालं म्हणून मी बंद करायला उठले, तर म्हणाले राहू दे. परवा मला विचारतात, "वायोमिंगमधले मोठे रस्ते हिवाळ्यात बंद करतात का गं?" मला वाटलं औषधाची गुंगी आहे. मी म्हणाले, मला काय माहीत, तुम्ही झोपा.

तुझ्या कारखान्यात दोनदा फोन करून निरोप ठेवलाय. फोन उचलणारा माणूस चांगला होता, देतो म्हणाला. ओपलच्या घरचा नंबर दिलाय. तिथे तू मोकळेपणाने बोलू शकतोस.

तिथेही फोन करायचा नसेल, तर निदान आणखी एक तुकडा घालतेय तो तरी पाठव. कृपा कर.

आई


७ डिसेंबर

गार्लंड,

आता खरं लिहिते. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. नाताळ दिसला तर दिसला, असे त्यांचे शब्द होते. मी ते घरी येताना गाडीतच सोडून दिले. तोंडातून काढले तर खरे होतील अशी भीती वाटली. आपल्याकडे कुणी आजारी माणसासमोर मरणाचं नाव काढत नाही, मागण्यात बिघाड होतो म्हणतात. मी तर स्वतःसमोरही काढलं नाही.

काल उशीतली टाचणी बाबांच्या कानाला लागली. मी धावत गेले तोवर त्यांनी अभ्र्यात हात घालून तुकडा बाहेर काढला होता.

"कुणाचं हे?"

मी म्हणाले, गार्लंडने प्रार्थना करून पाठवलंय. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"त्याने पाठवलं, की तू मागितलंस?"

मी गप्प. त्यांना माझं गप्प बसणं चाळीस वर्षं वाचता येतंय.

"आणि मी गेलो म्हणजे? पुन्हा त्याच्याच नावाने बोंब. ट्विलाच्या वेळी मी एकट्याने मारली होती, आता आख्खं चर्च मारेल. म्हणून मी त्याला बोलावत नव्हतो, आणि तू त्याला पार गळ्यापर्यंत गुंतवून ठेवलंस."

मी म्हणाले, असं जाण्याबिण्याचं बोलू नका, विश्वास कमी पडतो. तर नाकातली नळी बाजूला सरकवून, दम लागत असताना, एकेक शब्द सुटा सुटा करून बोलले. मी ते जसेच्या तसे लिहितेय.

"नेव्हा, माझा विश्वास कमी पडलेला नाही. मी कुठे जाणार ते मला पक्कं माहीत आहे. तिथे माझं भलंच होणार आहे. पण त्याआधी मला माझा पोरगा बघायचाय. आणि तू त्याच्याकडे पोरगा सोडून बाकी सगळं मागितलंस."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. मी कशासाठी मागत होते? माझ्यासाठी? मग जरा वेळाने कळलं, की हो, माझ्यासाठीच. मी शेडमध्ये जाऊन पिल्लांच्या गलक्यात उभी राहिले. तिथे कितीही मोठ्याने रडलं तरी कुणाला ऐकू जात नाही. हवामानाचा नकाशा ते का बघत होते, तेही तिथेच लक्षात आलं. इतके दिवस तो माणूस तुझे रस्ते मोजत होता आणि मी म्हणत होते झोपा.

परत आले तर म्हणाले, टकेटला आणि ओपलला बोलाव.

दोघं आले. ओपल तेलाची बाटली घेऊनच आली. बाबांनी बाटली टेबलावर ठेवायला सांगितली आणि म्हणाले, माझ्या बरं होण्यासाठी मागणं आता थांबवा. आपल्या चर्चमध्ये असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. ओपलचा चेहरा पडला. ती म्हणाली, "हॉइट, हा सैतान बोलतोय तुझ्या तोंडून."

"ओपल, तुझा गुडघा बरा झाला, मला आनंद आहे. पण एक दिवस तूही मरणार आहेस, आणि त्यात गुडघ्याची काही चूक नसेल."

मी तोंडावर हात धरला. अशा वेळी हसू यावं याची लाज वाटली, पण आलं.

मग ते पाळकांकडे वळले. ट्विला गेली त्या वेळी काय झालं ते तुला सांगायला नको, तू पुढच्याच बाकावर होतास. ट्विलाच्या दफनानंतरच्या सभेत बाबा उभे राहिले होते आणि म्हणाले होते की अडथळा कुणाच्या तरी मनातल्या पापाचा आहे. आणि तुझ्याकडे बघत राहिले होते. मग सगळं चर्च तुझ्याकडे बघायला लागलं.

काल ते म्हणाले, "टकेट, तुमची मुलगी आजाराने गेली. माझ्या पोराच्या पापाने नाही. तेव्हा तुम्ही तिला पुरून आला होता आणि मला तुमच्यासाठी काहीतरी कारण शोधायचं होतं. कारण सापडेना, म्हणून मी पोरगा दिला."

पाळक टोपी हातात फिरवत बसले होते. मला वाटलं उठून जातील. मग त्यांनी टोपी खाली जमिनीवर ठेवली. "मला ते तेव्हाच ठाऊक होतं, हॉइट," ते म्हणाले. "मी गप्प बसलो. कारण असलेलं मला बरं वाटत होतं." आणि थोड्या वेळाने विचारलं, "मग आता काय मागायचं, ते सांग."

"वायोमिंगपासून इथपर्यंतचे रस्ते मोकळे राहोत. तेवढंच."

ओपल उठली. मला वाटलं ही आता निघाली. ती पलंगाच्या उशाशी गेली, फोन उचलला आणि नंबर फिरवला. "मागणं बदललंय," म्हणाली. "हॉइटच्या छातीचं नाही. रस्त्यांचं. वायोमिंग, नेब्रास्का, कॅन्सस, आणि पुढे आपल्या दारापर्यंत. का, ते मला विचारू नकोस, पुढच्या घरी सांग."

तर गार्लंड, आता अशी गत आहे, की आख्खं चर्च तुझ्या रस्त्यासाठी गुडघ्यावर बसलंय आणि तू निघायचं ठरवलेलंसुद्धा नाहीस. सगळं मी उलटं करून ठेवलंय.

तू फोन का केला नाहीस ते कळतंय. आईचा फोन म्हणजे आणखी एक रुमाल. तुझ्या जागी मीही केला नसता. दुसरा तुकडा पाठवू नकोस, चुलीत घाल. येऊन हात ठेव म्हणाले होते तेही विसर. येताना प्रार्थना आणू नकोस. नुसता ये. तू आल्यावर ते गेले तर गेले, तुला कुणी जाब विचारणार नाही. विचारलाच तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, लांबलंय. मग म्हणाले, आजच टाक.

आई


१३ डिसेंबर

प्रिय गार्लंड,

हे पत्र तुला मिळू नये अशी माझी इच्छा आहे. हे पोचेल तेव्हा तू निघालेला असावास आणि ते तुझ्या पत्रपेटीत तसंच पडून राहावं.

पण तू निघालास की नाही ते मला कळत नाही. आजपासून बाबांना पाणीही चमच्याने द्यावं लागतं. घोट गिळतात की नाही, मी घशाकडे बघत बसते. नर्स येऊन गेली, तिने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की आता नाताळाचं बोलू नका. मी म्हणाले, बरं. एवढंच म्हणाले, बरं. जणू तिने दुकानात साखर संपलीय असं सांगितलं.

टीव्हीवर कॅन्ससात रस्त्यावर बर्फाचा थर गोठलाय म्हणून दाखवताहेत. ट्रक आडवे पडलेत. बाबांना दिसू नये म्हणून मी टीव्हीपुढे उभी राहिले, तर म्हणाले, "सरक." नंतर मला जवळ बोलावून म्हणाले, त्याला सांग घाई करू नकोस. आणि डोळे मिटल्यावर पुटपुटले, फार वेळ पण लावू नकोस.

मी तुला दोन्ही कसं सांगू?

मी आता बरं होण्यासाठी मागत नाही, खरंच नाही मागत. जीभ तिकडे वळते, मी तिला परत आणते. मी म्हणते, प्रभू, तुझ्याकडे वेळ अमाप आहे, त्यातला थोडा इकडे दे. एवढ्याने तुझं काही कमी होणार नाही. असं प्रभूशी बोलणं बरं नव्हे, पण पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांचीही हल्ली तीच भाषा झालीय.

तुला राग आहे. असू दे. राग घेऊन ये. गाडीत त्यालाही जागा होईल.

आई


१७ डिसेंबर
(स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी)

गार्लंड,

दार उघडंच आहे. बूट काढत बसू नकोस, आत ये.

तू कॅन्ससमधल्या सलाइनाच्या पेट्रोलपंपावरून केलेला फोन ओपलने तिच्या घरी उचलला. तिने मला काही न सांगता आधी पुढच्या घरी कळवलं, म्हणजे तू येतोयस हे माझ्याआधी चर्चला कळलं. सगळे इथे यायला निघाले होते. मी एकेकाला वाटेतून परत पाठवलं. पाळक स्वतः वळणावर गाडी आडवी घालून बसलेत, ते तुला हात करतील, थांबू नकोस. ओपल तेवढी ऐकेना, तिला पिल्लांना दाणा घालायच्या कामाला लावलंय. मीही तिकडेच शेडमध्ये आहे. मुद्दाम गेलेय.

बाबा पुढच्या खोलीत आहेत. शुद्धीवर आहेत. सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतली, हनुवटीवर जरा कापलंय, ते माझ्या हातून. श्वासाचा आवाज फार होतो, ऐकून घाबरू नकोस, आता तो तसाच असतो. दारात पाऊल वाजलं की ते झोपेचं सोंग घेतील. फसू नकोस. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा खुर्ची उजवीकडे ओढ.

बोलायला काही सुचलं नाही तर बोलू नकोस.

त्यांचा हात धर. ते तो काढून घेतील, कुणाचंही ओझं व्हायला नको म्हणून हल्ली सगळ्यांशी तसंच करतात. तू पुन्हा धर.

आई